काचेच्या कुप्या तपासणारे कॅमेरा यंत्र : गुणवत्ता विभागातून केलेले परीक्षण

इंजेक्शनची औषधे आणि लशी ज्या काचेच्या कुप्यांमध्ये भरल्या जातात, त्या आमच्या लाइनवर बोरोसिलिकेट काचेच्या नळीपासून तयार होतात. ज्वाळेवर नळी फिरवत मान, खांदा आणि बूड घडवले जाते, मग अ‍ॅनीलिंगच्या बोगद्यातून नेऊन काचेतला ताण काढला जातो आणि शेवटी प्रत्येक नग तपासून पेटीत भरला जातो. या शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे बोगद्यातून बाहेर पडणाऱ्या कुप्यांसाठी, आम्ही कॅमेऱ्याने तपासणी करणारे स्वयंचलित यंत्र घेतले. त्याने आता आमच्याकडचा एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा पाहिला आहे, त्यामुळे त्याच्याविषयी जबाबदारीने काही लिहिता येईल असे वाटते. यंत्र भारतीय बनावटीचे आहे आणि त्यातील कॅमेरे, लेन्स व दिवे आयात केलेले आहेत. पुढे काही तक्रारीही येणार असल्यामुळे निर्मात्याचे नाव येथे देत नाही. शिवाय याच घडणीची यंत्रे इतर अनेक जण बनवतात आणि पारदर्शक वस्तूंच्या तपासणीत येणाऱ्या अडचणी सर्वांना सारख्याच आहेत.

यंत्र घेण्यापूर्वी जी सादरीकरणे आम्ही पाहिली, त्यांतील बहुतेकांचा भर सॉफ्टवेअरवर होता. दोष ओळखायला संगणक कसा शिकतो, पडद्यावर लाल चौकट कशी उमटते, अहवाल कसा निघतो, हे सगळे उत्साहाने दाखवले जात असे. अपारदर्शक वस्तूंच्या बाबतीत हा क्रम कदाचित चालेल. पत्र्यावरचा ओरखडा किंवा कापडातला तुटलेला धागा साध्या उजेडातही कॅमेऱ्याला दिसतो आणि मग प्रश्न उरतो तो ओळखण्याचा. काचेचे तसे नाही. काच स्वतः जवळजवळ दिसतच नाही. तिच्यातून जाणारा प्रकाश कुठे वळला, कुठे विखुरला आणि कुठे परतला एवढेच कॅमेऱ्यापर्यंत पोहोचते. ज्या दोषाने प्रकाशाचा मार्ग बदलला नाही, तो दोष छायाचित्रात नसतोच आणि छायाचित्रात नसलेली गोष्ट कोणतेही सॉफ्टवेअर शोधून काढू शकत नाही. म्हणून या यंत्राचे परीक्षण मी दिव्यांपासून सुरू करतो, कारण आमच्या अनुभवात त्याचा चांगुलपणाही तिथेच आहे आणि उणीवही तिथेच आहे.

यंत्रात पाच ठाणी आहेत. स्टारव्हील, म्हणजे खाचा असलेले फिरते चाक, कुपीला एका ठाण्यावरून दुसऱ्यावर नेते आणि प्रत्येक ठाण्यावर रबरी चाक तिला स्वतःभोवती फिरवते. पहिल्या ठाण्यावर उंची, व्यास आणि मानेची मापे घेतली जातात. मागे समांतर किरणांचा दिवा आणि पुढे टेलिसेंट्रिक लेन्स अशी ही नेहमीची रचना आहे. अशा लेन्सचा फायदा असा की कुपी कॅमेऱ्यापासून थोडी पुढेमागे सरकली तरी तिचे माप बदललेले दिसत नाही. तोटा असा की लेन्सची पुढची काच मोजायच्या वस्तूपेक्षा मोठी असावी लागते. आमच्या १० आर मापाच्या कुपीची उंची ४५ मिलिमीटर आणि व्यास २४ मिलिमीटर आहे, त्यामुळे लेन्स चांगलीच जड आणि महाग झाली. मापांच्या बाबतीत यंत्राने आजवर एकही तक्रार येऊ दिलेली नाही, म्हणून या ठाण्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

खरी कसोटी दुसऱ्या ठाण्याची आहे. येथे कुपीच्या अंगावरचे दोष पाहिले जातात आणि त्यासाठी लाइन-स्कॅन कॅमेरा वापरला आहे. हा कॅमेरा एका वेळी उभी एकच रेघ टिपतो. कुपी फिरत राहते आणि रेघेला रेघ जोडून तिची संपूर्ण बाजू सपाट उलगडलेल्या चित्रासारखी तयार होते. ४०९६ बिंदूंचा कॅमेरा ५० मिलिमीटरच्या पट्ट्यावर लावला की एका बिंदूच्या वाट्याला सुमारे १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) येतात. २४ मिलिमीटर व्यासाच्या कुपीचा परीघ सुमारे ७५ मिलिमीटर आहे. तेवढ्याच बारकाईने तो उलगडायचा तर एका फेऱ्यात सहा हजारांहून अधिक रेघा टिपाव्या लागतात. ही फेरी सेकंदाच्या पाचव्या भागात पूर्ण करायची असेल, तर प्रत्येक रेघेला मिळणारा वेळ जेमतेम ३२ मायक्रोसेकंद उरतो. एवढ्या थोड्या वेळात पुरेसा उजेड मिळवण्यासाठी दिवा अतिशय प्रखर लागतो आणि प्रखर दिवा तापतो. आमच्या यंत्रात या दिव्याला थंड ठेवण्याची व्यवस्था चांगली केली आहे आणि मे महिन्यातही उजेडाची पातळी ढळली नाही, याचे श्रेय निर्मात्याला द्यायला हवे.

या ठाण्यावर दोन प्रकारचे प्रकाश आळीपाळीने पडतात. एका वेळी मागून सरळ उजेड येतो. त्यात काचेतला खडा, काळा कण आणि मोठा बुडबुडा गडद दिसतात. दुसऱ्या वेळी उजेड तिरपा येतो आणि निर्दोष काचेतून कॅमेऱ्यापर्यंत काहीच पोहोचत नाही. पार्श्वभूमी काळी राहते आणि फक्त विखुरलेला प्रकाश चमकतो. या डार्क फील्ड पद्धतीत एक मोठा गुण आहे, तो असा की १२ मायक्रॉनपेक्षा अरुंद तडादेखील चमकून दिसू शकतो, कारण येथे तड्याची रुंदी मोजायची नसते, त्याने बाजूला फेकलेला प्रकाश पकडायचा असतो. दोन्ही चित्रे शेजारी ठेवल्यावर दोषाची जात बरीचशी कळते. काचेत अडकलेला काळा कण सरळ उजेडात ठळक आणि तिरप्या उजेडात फिका असतो. बारीक ओरखड्याचे नेमके उलट होते.

एअरलाइन नावाचा दोष या कामातला सर्वांत त्रासदायक दोष म्हणावा लागेल. काचेची नळी ओढली जात असताना तिच्यात बुडबुडा असेल तर तोही नळीबरोबर लांबत जातो आणि शेवटी केसासारखी पोकळ रेघ कुपीच्या अंगात उभी राहते. ती बंद असेल तर फारसे बिघडत नाही, पण पृष्ठभागावर उघडी पडली असेल तर तिथे घाण साचू शकते किंवा काच तिथून फुटू शकते. उभा ओरखडा आणि एअरलाइन साध्या चित्रात सारख्याच वाटतात. या यंत्राने पुरेशा जाड एअरलाइनच्या बाबतीत फरक चांगला दाखवला, कारण सरळ उजेडात पोकळ रेघेच्या दोन्ही कडा गडद आणि मधला भाग उजळ येतो, तर ओरखडा एकेरी आणि वेडावाकडा असतो. बारीक एअरलाइनच्या बाबतीत मात्र तो फरक काही बिंदूंमध्येच संपतो आणि यंत्राचा निर्णय डळमळतो. आम्ही अशा सर्व कुप्या नाकारण्याचा आदेश दिला आहे. त्यात चांगला माल जातो, पण औषधाच्या कुपीच्या बाबतीत आम्हाला दुसरा मार्ग योग्य वाटला नाही.

आणखी एक गोष्ट निर्मात्याने मन लावून केली आहे. पारदर्शक कुपीकडे पाहताना कॅमेऱ्याला समोरची भिंत आणि मागची भिंत एकाच वेळी दिसते. आतला आणि बाहेरचा असे प्रत्येकी दोन पृष्ठभाग धरले तर दृष्टीच्या वाटेत चार पृष्ठभाग येतात आणि प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत पाठवतो. अशा गर्दीत एखादा ठिपका नेमका कुठे आहे, हे एका चित्रावरून सांगता येत नाही. यंत्रातील तिसऱ्या ठाण्यावर त्यासाठी साधा कॅमेरा लावून फिरत्या कुपीची अनेक चित्रे घेतली जातात. समोरच्या भिंतीवरचा दोष एका दिशेने सरकतो, मागच्या भिंतीवरचा उलट दिशेने सरकतो आणि कॅमेऱ्याच्या संरक्षक काचेवर बसलेली धूळ जागची हलत नाही. एवढ्या साध्या निरीक्षणावर आधारलेली ही गणना आमच्या लाइनवर फार उपयोगी ठरली, कारण संरक्षक काच मळल्यावर यंत्र चांगल्या कुप्या टाकत बसत नाही, ते काच पुसण्याची सूचना देते.

चौथे ठाणे ताणाचे आहे. काचेत ताण राहिला असेल तर ती ध्रुवित प्रकाशाचे, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशाचे, स्वरूप बदलते, हे डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१० च्या दशकातच दाखवले होते. असा प्रकाश गाळून देणारे दोन ध्रुवक एकमेकांशी काटकोनात ठेवले की मधून प्रकाश जात नाही. त्यांच्यामध्ये ताण असलेली काच ठेवली की ती जागा उजळते. कॅमेऱ्याच्या प्रत्येक बिंदूवरच चार दिशांचे ध्रुवक बसवलेले सेन्सर सोनीने २०१८ मध्ये बाजारात आणले आहेत, पण आमच्या यंत्रात ध्रुवक फिल्मची जुनी जोडीच आहे आणि आमच्या गरजेला ती पुरते. बुडाभोवती उजळ कडे दिसू लागले की अ‍ॅनीलिंगच्या बोगद्याचे तापमान घसरले आहे हे मोजमापाच्या अहवालाआधीच कळते. एकेक कुपी नाकारण्यापेक्षा भट्टीवाल्यांना वेळीच निरोप मिळणे हा या ठाण्याचा खरा लाभ आहे आणि विक्रीच्या वेळी त्याचा कोणी उल्लेखही केला नव्हता.

आता उणिवेकडे येतो. पाचवे ठाणे मान आणि खांद्यासाठी आहे, आणि यंत्र आले तेव्हा हेच ठाणे सर्वांत कच्चे होते. मानेजवळची काच वक्र असते, तिथला प्रकाश वेडावाकडा वळतो आणि मानेतला बारीक तडा म्हणजे काचेच्या आत उभा असलेला हवेचा पातळ पडदा असतो. आमच्या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे काच प्रकाशाला किती वळवते याचे माप, सुमारे १.४९ आहे, त्यामुळे काचेतून जाणारा किरण अशा पडद्यावर सुमारे ४२ अंशांपेक्षा अधिक तिरपा पडला तर तो आरशावरून परतावा तसा पूर्ण परततो. याचा अर्थ असा की तडा एका विशिष्ट कोनातून लखकन चमकतो आणि कोन थोडा बदलला की दिसेनासा होतो. आमच्याकडे वर्षानुवर्षे हाताने तपासणी करणाऱ्या ताई कुपी अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून नळीच्या दिव्याखाली हळूहळू कलती करतात आणि त्या एका क्षणाच्या चमकेवर मानेतला तडा पकडतात. यंत्राने चांगल्या म्हणून सोडलेल्या पेटीतून एका ताईंनी अशी एक कुपी काढून दाखवली. त्यांनी ती माझ्या डोळ्यांसमोर कलती केली, मानेच्या मुळाशी नखाएवढीही नसलेली रेघ चांदीसारखी उजळली आणि पुढच्या क्षणी तिथे पुन्हा स्वच्छ काच होती. यंत्राचे त्या ठाण्यावरचे दोन कॅमेरे आणि एक दिवा ज्या कोनात बसवले होते, त्यात ती रेघ येतच नव्हती.

निर्मात्याच्या अभियंत्यांनी आधी सॉफ्टवेअरची संवेदनशीलता वाढवून पाहिली. त्याचा परिणाम एवढाच झाला की मानेच्या वळणावरचे नैसर्गिक चमकणारे पट्टे दोष म्हणून धरले जाऊ लागले आणि नाकारलेल्या मालाचा डबा चांगल्या कुप्यांनी भरू लागला. आमच्या विभागाने लेखी आग्रह धरला, तेव्हा तिरपे दिवे आणि आणखी एक कॅमेरा वेगळ्या कोनात बसवण्यात आला, प्रत्येक दिवा वेगवेगळ्या क्षणी लुकलुकेल असे वेळापत्रक केले गेले आणि मग ते ठाणे कामाला लागले. बाटल्यांच्या उद्योगात मानेतले तडे पकडण्यासाठी फिरत्या बाटलीभोवती अनेक प्रकाशझोत आणि प्रकाश टिपणारे सेन्सर लावण्याची पद्धत कॅमेऱ्यांच्याही आधीपासून रूढ आहे. ती माहिती असणाऱ्या निर्मात्याने ही व्यवस्था पहिल्याच दिवशी द्यायला हवी होती. ही माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. बदलाचा खर्च त्यांनी स्वतः सोसला, हेही येथे नोंदवतो.

शिकणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी माझे मत मध्यम आहे. केवळ चांगल्या नगांची चित्रे दाखवून वेगळेपणा ओळखायला शिकवण्याची पद्धत आता सर्वत्र सांगितली जाते आणि तिच्या तुलनेसाठी म्युनिकच्या एमव्हीटेक कंपनीने २०१९ मध्ये खुला केलेला चित्रसंच वापरला जातो. त्यात १५ प्रकारच्या वस्तूंची ५,३५४ चित्रे आहेत. बाटलीही आहे, पण तिचे चित्र वरून, तोंडाच्या बाजूने घेतलेले आहे. काचेच्या भिंतीतून आरपार पाहण्याची अडचण त्यात फारशी येत नाही. त्यामुळे या संचावरचे उत्तम गुण पाहून कोणी आपल्या पारदर्शक मालासाठी यंत्र निवडत असेल, तर त्याने सावध राहावे. आमच्या यंत्रात या सॉफ्टवेअरने एक काम मात्र नक्की सोपे केले आहे. धुळीचा कण आणि काचेतला बुडबुडा यांतला फरक पूर्वीच्या नियमांनी जेवढा कळत असे, त्यापेक्षा आता पुष्कळच चांगला कळतो, कारण बुडबुड्याच्या मध्यभागी येणारा उजळ ठिपका आणि त्याची गोल कड ही खूण संगणकाने नीट उचलली आहे.

पावसाळ्याने वेगळाच प्रश्न उभा केला. नाकारलेली कुपी बाजूला सारण्यासाठी आणि तपासणीपूर्वी धूळ उडवण्यासाठी यंत्र दाबाची हवा वापरते. जुलैमध्ये कॉम्प्रेसरच्या हवेतला ओलावा वाढला, ड्रायर पुरा पडेना आणि कुप्यांवर अतिसूक्ष्म थेंब बसू लागले. काचेवरचा थेंब आणि काचेतला बुडबुडा तिरप्या उजेडात जुळ्या भावंडांसारखे दिसतात, त्यामुळे नाकारण्याचे प्रमाण एकदम चढले. हा दोष यंत्राचा म्हणता येणार नाही, पण सोबत आलेल्या पुस्तिकेत हवेच्या कोरडेपणाविषयी एक ओळही नव्हती आणि कोकण किंवा घाटमाथ्याच्या पट्ट्यात यंत्र विकणाऱ्याने ती अट ठळकपणे लिहायला हवी. वेगळा ड्रायर आणि तेल अडवणारा फिल्टर लावल्यावर प्रश्न मिटला. स्थिर विजेमुळे चिकटणाऱ्या धुळीसाठी आयनीकरण करणारी पट्टी मात्र यंत्राबरोबरच आली होती आणि ती उत्तम काम करते.

यंत्र स्वीकारताना आम्ही जी चाचणी घेतली, ती घेतल्याशिवाय कोणीही अंतिम बिल मंजूर करू नये असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ज्युलियस नॅप यांनी १९८० च्या सुमारास औषधांच्या दृश्य तपासणीसाठी मांडलेला विचार असा होता की तपासणी ही शक्यतेची गोष्ट आहे. तोच नग तोच माणूस पुन्हा पुन्हा पाहील तेव्हा दर वेळी तो नाकारेलच असे नसते. म्हणून ज्ञात दोषांच्या आणि चांगल्या नगांच्या मिश्र संचाची अनुभवी माणसांकडून अनेकदा तपासणी करून घ्यायची, प्रत्येक नग किती वेळा नाकारला गेला ते मोजायचे आणि ज्यांचे प्रमाण ७० टक्के किंवा त्याहून अधिक आहे अशा नगांवर यंत्राची माणसांशी तुलना करायची. भरलेल्या कुप्यांच्या हाताने तपासणीसाठी युरोपीय औषधकोशात २००० ते ३७५० लक्स उजेड आणि काळ्या व पांढऱ्या पार्श्वभूमीसमोर प्रत्येकी ५ सेकंद अशी रीत सांगितली आहे. आमच्या कुप्या रिकाम्या असल्या तरी माणसांची बाजू प्रामाणिकपणे मोजली जावी म्हणून आम्ही तेच धोरण ठेवले. खडे, काळे कण, टवके आणि अंगावरचे तडे यांत यंत्र माणसांच्या पुढे गेले. मानेच्या तड्यांत ते आधी मागे पडले आणि सुधारणेनंतर बरोबरीला आले. पाळीच्या शेवटी माणसाची नजर थकते आणि यंत्राची थकत नाही, हा फरक रात्रपाळीच्या मालात स्पष्ट दिसतो.

रोजच्या वापराबद्दल थोडक्यात सांगतो. १० आर वरून १६ मिलिमीटर व्यासाच्या २ आर कुपीवर जाताना स्टारव्हील आणि पट्ट्या बदलाव्या लागतात. हे सुटे भाग अचूक आहेत आणि रंगाने ओळखता येतात, त्यामुळे गोंधळ होत नाही. नाकारलेल्या मालाचा डबा कुलपात राहतो आणि कुपी खरोखर त्यात पडली की नाही हे सेन्सर तपासतो, जे औषध कंपन्यांच्या लेखापरीक्षकांना आवडते. पडद्यावरची भाषा फक्त इंग्रजी आहे. लाइनवर काम करणाऱ्या मंडळींसाठी मराठीचा पर्याय देणे निर्मात्याला मुळीच अवघड नाही आणि आम्ही तशी मागणी केली आहे. सेवा अभियंता बोलावल्यावर येतो, नीट ऐकून घेतो आणि कारण समजावून सांगतो. वार्षिक देखभाल करारात दिव्यांचा समावेश नाही, ही गोष्ट खरेदीपूर्वी विचारून घ्यावी, कारण एलईडी हळूहळू मंदावतात आणि दिवा मंदावला की डार्क फील्डमधला सर्वांत फिका तडा आधी हरवतो.

हाताने तपासणी करणाऱ्या ताई आता यंत्राने संशयित ठरवलेल्या कुप्या पुन्हा पाहतात आणि चाचणीचा ज्ञात दोषांचा संच जपतात. त्या संचात नवा तडा कोणता घालायचा आणि कोणता फार सोपा आहे म्हणून काढायचा, हे त्याच ठरवतात, आणि त्यांचा शब्द आम्ही अंतिम मानतो.

ज्यांच्याकडे एकाच मापाचा माल मोठ्या प्रमाणात चालतो, काच सरळ नळीची आहे आणि हवा व विजेची व्यवस्था चांगली आहे, त्यांनी हे यंत्र जरूर घ्यावे. ज्यांचा माल साच्यातला आहे, ज्यात काचेची जाडी जागोजागी बदलते, किंवा ज्यांच्या वस्तूला कोपरे आणि नक्षी आहे, त्यांनी आधी आपले सदोष नग निर्मात्याच्या प्रयोगशाळेत पाठवून त्यांची कच्ची, न सुधारलेली चित्रे मागवून घ्यावीत. दुसऱ्या लाइनसाठी आम्ही याच निर्मात्याकडे मागणी नोंदवत आहोत. या वेळी बुडाच्या कडेसाठी स्वतंत्र सहावे ठाणे मागितले आहे, मानेचे तिन्ही कॅमेरे आणि तिरपे दिवे मूळ किमतीत धरायला लावले आहेत आणि स्वीकृतीची चाचणी आमच्याच कारखान्यात, ताईंच्या संचावर आणि पावसाळ्यात होईल अशी अट घातली आहे.